थंड असताना गळतं, तापल्यावर थांबतं: जुन्या जिप्सीच्या कूलंटचा माग

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो. १९९८ ची कार्ब्युरेटरवाली जिप्सी किंग, वडिलांनी घेतलेली. आठवड्यातून दोनदा मलकापूरहून आंबा घाट उतरून साखरप्याला जाणं-येणं. आठ महिन्यांपासून कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) कमी होतंय, आठवड्याला पाऊण ते एक लिटर. आधी रेडिएटर बदलला, त्याच्याबरोबर झाकणही नवं आलं. मग वॉटर बॉडी, म्हणजे पाण्याचा पंप, बदलली. गळती कमी व्हायच्या ऐवजी वाढली. सकाळी गाडी हलवली की इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेत त्याच्या खाली दोन-चार थेंब दिसतात, नंतर दिवसभर जमीन कोरडी. कधीकधी सकाळी स्टार्ट करताना मिनिटभर पांढरा धूर. ऑइल स्वच्छ आहे. आता मिस्त्री म्हणतात, हेडगॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली सील) गेलंय, हेड उतरवू. उतरवू द्यावं का?

अजून नको. तुम्ही लिहिलेल्यातली एकही गोष्ट हेडगॅस्केटच गेलंय असं सिद्ध करत नाही, आणि दोन-तीन गोष्टी तर सरळ दुसरीकडे बोट दाखवतात.

मी कोल्हापुरात तीसेक वर्षं हेच काम करतो, आणि यात जिप्सी भरपूर आल्या. कामाला लागल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मीही एका गाडीचं हेड असंच उतरवलं होतं. पाणी कमी होतंय, बाहेर काही दिसत नाही, म्हणजे गॅस्केट, असा माझा हिशोब. गॅस्केट काढून उन्हात धरलं तर अगदी धडधाकट. हेड फेसिंग करून, म्हणजे मशिनवर सपाट करून आणलं, नवं गॅस्केट टाकलं, गाडी दिली, आणि चौथ्या दिवशी ती तशीच गळत परत आली. उस्तादांनी त्या दिवशी मला इंजिनाला हातच लावू दिला नाही. बोनेट उघडून, हातात बॅटरी (टॉर्च) देऊन समोर स्टुलावर बसवलं आणि म्हणाले, "पाणी कुठनं येतंय ते दाव, मग पाना घे." पाऊण तासाने मला दिसलं. मॅनिफोल्डच्या (कार्ब्युरेटरमधून हवा-पेट्रोल सिलिंडरकडे नेणाऱ्या भागाच्या) मागे, हात पोचणार नाही अशा जागी, एक थेंब तयार होत होता. त्या दिवसापासून पाणी कुठून येतंय हे डोळ्यांनी दिसल्याशिवाय मी हेडच्या बोल्टला गोटी पाना लावलेला नाही.

आता तुमच्या गाडीकडे. थंड असताना गळतं आणि चालल्यावर थांबतं, ही तुमच्या प्रश्नातली सगळ्यात मोलाची ओळ आहे. बरेच जण ती सांगतच नाहीत, कारण त्यांना वाटतं गळती तापल्यावरच होणार. प्रेशर तापल्यावर वाढतं हे खरं. पण जोडही तापतो. या इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं, मॅनिफोल्डही ॲल्युमिनियमचं, आणि त्यांना एकत्र धरणारे स्टड (आट्यांच्या दांड्या) पोलादाचे. एक मीटर ॲल्युमिनियम १०० अंश तापलं तर साधारण २.३ मिलिमीटर वाढतं, पोलाद त्याच्या जवळपास निम्मं, १.२ मिलिमीटर. म्हणजे इंजिन तापलं की मॅनिफोल्डची कड जाडीत जास्त वाढते, स्टड तेवढा लांबत नाही, आणि जोड आपोआप आवळला जातो. रात्री गार झालं की तोच जोड सैल पडतो. त्यात जुनं गॅस्केट आणि कडक झालेले रबरी ओ-रिंग गारठ्यात आणखी आखडतात. आंबा, विशाळगडाकडच्या थंडीत हे जास्तच जाणवणार. आणि तापलेल्या इंजिनावर जे थोडंफार पाझरतं ते ब्लॉकवरच सुकून जातं, खाली पोचतच नाही. म्हणून जमीन कोरडी.

दुसरी गोष्ट, रेडिएटर आणि झाकण बदलल्यावर गळती वाढली. तुम्हाला वाटत असेल नवा माल खराब निघाला. माझ्या मते माल चांगला आहे. जिप्सीच्या झाकणावर ०.९ लिहिलेलं असतं, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ०.९ किलो दाब होईपर्यंत ते सिस्टीम बंद ठेवतं. त्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा साधारण ११८ अंशांपर्यंत उकळत नाही, घाटात सेकंड गिअरमध्ये चढताना त्याचाच आधार असतो. जुन्या झाकणाची स्प्रिंग थकते, रबर कडक होतं, आणि ते अर्ध्या किलोलाच सोडून देतं. मग वर्षानुवर्षं सगळे पाइप, सगळे जोड अर्ध्या दाबावर निवांत असतात. नवं झाकण लावलं की दाब पहिल्यासारखा पूर्ण होतो आणि जो जोड सगळ्यात कमजोर तो तोंड उघडतो. तो दुरुस्त केला की त्याच्यानंतरचा. जुन्या गाडीत एक गळती बुजवली की दुसरी निघते त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. जुनं झाकण परत लावून गळती "बंद" करणारे मी पाहिलेत. घाटात गाडी उकळली की मग हेड खरंच जातं.

तिसरी गोष्ट, जागा. पाणी जिथे टिपकतं तिथून ते निघालेलं नसतं. जिप्सीचं इंजिन गाडीच्या लांबीत बसवलेलं, मागच्या बाजूला किंचित कललेलं. वर कुठेही थेंब निघाला की तो ब्लॉकच्या कडेकडेने मागे सरकतो आणि बेल हाऊसिंगपाशी (इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडावरच्या आवरणापाशी) येऊन खाली पडतो. त्यामुळे खाली दिसणाऱ्या थेंबावरून एवढंच कळतं की उगम त्याच्या वर आणि पुढे कुठेतरी आहे. वॉटर बॉडी पुढच्या टोकाला असते, तिचं गळकं पाणी बहुतेक वेळा पुढेच पडतं. तुमचे थेंब मागे होते, तरी ती बदलली गेली. झालं ते झालं. त्या कामासाठी टायमिंग बेल्ट काढावा लागतो, तेव्हा बेल्ट नवा टाकला की जुनाच चढवला एवढं मात्र विचारून घ्या.

माझा पहिला संशय इनटेक मॅनिफोल्डवर आहे. या इंजिनात हेडमध्ये तापलेलं पाणी रेडिएटरकडे जाताना इनटेक मॅनिफोल्डमधून जातं, आणि थर्मोस्टॅटही (पाणी तापेपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणारा व्हॉल्व्ह) तिथेच बसवलेला असतो. कार्ब्युरेटरमधून येणारं पेट्रोल थंडीत नीट वाफ व्हावं म्हणून मॅनिफोल्ड असा पाण्याने ऊबदार ठेवलेला असतो. म्हणजे हेड आणि मॅनिफोल्डमधलं ते पातळ गॅस्केट एकाच वेळी दोन कामं करतं: हवा-पेट्रोल आत ठेवायचं आणि शेजारच्या भोकातलं पाणीही अडवायचं. ते पाण्याच्या भोकापाशी बाहेरच्या अंगाने खराब झालं तर थेंब ब्लॉकवर. आतल्या अंगाने खराब झालं तर पाणी थेट इनटेक पोर्टमध्ये, तिथून सिलिंडरमध्ये, आणि सकाळी स्टार्ट करताना मिनिटभर पांढरा धूर. हेडगॅस्केट गेल्यावर जे दिसतं त्यातलं बरंचसं इथेही दिसतं. तुमच्या मिस्त्रींचा अंदाज यामुळेच तिकडे गेला असणार, यात त्यांची फार चूक नाही. (सकाळचा धूर पावसाळी किंवा थंड हवेत नुसत्या सायलेन्सरमधल्या दवाचाही असतो. हाताचा तळवा पाइपमागे धरा. दवाचं पाणी नुसतं ओलं लागतं, कूलंट असेल तर गोडसर वास येतो आणि हात किंचित चिकट होतो.)

पण संशय म्हणजे पुरावा नाही. पुरावा असा मिळवायचा.

प्रेशर टेस्टर लागतो. हातपंप, त्यावर घड्याळ, आणि रेडिएटरच्या तोंडाला बसणारं झाकण, एवढंच ते साधन. ज्या गॅरेजकडे नाही त्यांच्याकडे हे काम देऊच नका, कारण ते पुढचं सगळं अंदाजाने करणार. गाडी आदल्या संध्याकाळी गॅरेजमध्ये सोडा आणि रात्रभर तिथेच राहू द्या. सकाळी स्टार्ट करू नका, ढकलून जागेवर घ्या. तुमची गळती थंड इंजिनाची आहे, त्यामुळे तापलेल्या गाडीवर टेस्ट केली तर सुई जागेवर राहील आणि सगळं ठीक आहे असा निकाल मिळेल. माझा अंदाज आहे की आत्तापर्यंत कुणी तपासलं असेल तर असंच दुपारी, चालून आलेल्या गाडीवर तपासलं असेल.

एअर क्लिनरचा डबा काढून बाजूला ठेवा, म्हणजे मॅनिफोल्ड मोकळा दिसतो. रेडिएटर काठोकाठ भरा, टेस्टर लावा, हळूहळू पंप मारून ०.९ वर आणा. त्याच्या वर जाऊ नका. जास्त दाब दिला की चांगला जोडही फाटतो आणि नसलेला दोष तयार होतो. मग मॅनिफोल्डखालची ब्लॉकची बाजू चिंधीने कोरडी पुसायची आणि तिच्यावर खडूची भुकटी किंवा साधी अंगाला लावायची पावडर फुंकायची. पातळ थर पुरे. आता थांबायचं. वीस मिनिटं, कधी चाळीस. बॅटरी तिरपी धरायची, सरळ नाही. तिरप्या उजेडात ओल चमकते. जिथे डोकं जात नाही तिथे दाढीचा छोटा आरसा.

काय दिसतं ते सांगतो, म्हणजे ओळखता येईल. पहिल्यांदा थेंब दिसत नाही. पांढऱ्या पावडरीत गॅस्केटच्या कडेला एक करडा ठिपका उमटतो, मुगाच्या दाण्याएवढा. तो पाचेक मिनिटांत लांबट होतो. मग त्याच्या खालच्या टोकाला पाणी जमतं, फुगतं, आणि एकदम निसटून ब्लॉकच्या कडेवरून मागे पळतं. मागे ओली रेघ राहते. त्या रेघेचं वरचं टोक तुमच्या गळतीची जागा. बोटाने पुसा, पुन्हा पावडर टाका, पुन्हा त्याच जागी ठिपका आला तर शंका संपली. कूलंट कित्येक दिवस गळत असेल तर तिथे आधीच पांढरट-हिरवी खपली धरलेली सापडेल, आंघोळीच्या बादलीला क्षार धरतात तशी. खपली दिसली तरी टेस्ट पूर्ण करा, कारण ती जुन्या, बंद झालेल्या गळतीचीही असते.

सुई उतरतेय पण बाहेर कुठेच ओल नाही, असं झालं तर पाणी आत जातंय. तेव्हा प्लग काढायचे. ज्या सिलिंडरमध्ये पाणी येतं त्याचा प्लग इतरांपेक्षा स्वच्छ असतो, वाफेने धुतल्यासारखा. दाब तसाच ठेवून रात्रभर गाडी उभी करा, सकाळी प्लग काढलेले ठेवून, इग्निशनची वायर सोडून सेल्फ मारा. प्लगच्या भोकातून फवारा आला तर तो सिलिंडर. पण इथेही पाणी हेडगॅस्केटमधून आलं की मॅनिफोल्डमधून, हे ठरायचं राहतंच. त्यासाठी निळ्या द्रवाची टेस्ट. गाडी चालू ठेवून रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्या द्रवातून ओढायची. सिलिंडरमधला जळालेला वायू पाण्यात येत असेल तर त्यातल्या कार्बन डायऑक्साइडने निळा द्रव पिवळा पडतो. हेडगॅस्केट फुटलं की बहुतेक वेळा हा वायू पाण्यात घुसतो, कारण सिलिंडरमधला दाब पाण्याच्या दाबाच्या कितीतरी पट असतो. इनटेक पोर्टमध्ये मात्र जाळ नाही, दाब नाही, उलट ओढ असते. त्यामुळे मॅनिफोल्डची गळती असेल तर पाणी आत जातं पण वायू बाहेर येत नाही, आणि द्रव निळाच राहतो. पाणी सिलिंडरमध्ये जातंय आणि तरी द्रव निळा, म्हणजे हेड उतरवण्याआधी मॅनिफोल्ड उतरवायचा.

मॅनिफोल्ड उतरवण्याचं काम अर्ध्या दिवसाचं आहे, पण घाईचं नाही. गाडीच्या बॅटरीची वायर आधी सोडा, पेट्रोलचा पाइप सुटणार आहे. कूलंट पसरट टबमध्ये काढा आणि टब लगेच झाका. हे मी आवर्जून सांगतो, कारण तुमच्या घरी गुरं आणि कुत्री असणार. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, जनावर आवडीने चाटतं, आणि त्याची किडनी जाते. कुत्र्याला थोडंसंही पुरतं. परड्यात, गटारात ओतू नका.

व्हॅक्यूमच्या नळ्या काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, प्रत्येक नळीला कागदी पट्टी लावून नंबर घाला. स्टडचे नट कोरडे फिरवू नका. आदल्या दिवशी पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवा. पंचवीस वर्षं बसलेला स्टड ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये तुटला किंवा आटे घेऊन आला तर कामाचा खर्च दुप्पट होतो. नट हलत नसेल तर आधी किंचित आवळायचा, मग सोडवायचा.

मॅनिफोल्ड हातात आला की पाण्याच्या भोकाभोवती नख फिरवा. माझी खात्री आहे की तुम्हाला तिथे खड्डे लागतील. किडलेल्या दातासारखे, गॅस्केटच्या कडेखाली शिरलेले. ही बोअरच्या पाण्याची करणी आहे. घाटात गाडी तापली, जवळच्या घरातून कळशीभर पाणी घेऊन ओतलं, असं वर्षानुवर्षं झालं की कूलंटमधलं गंज रोखणारं रसायन पातळ होत जातं आणि त्या पाण्यातले क्षार ॲल्युमिनियम खात बसतात. गॅस्केटच्या कडेखालच्या अरुंद फटीत पाणी साचून राहतं, म्हणून तिथे सगळ्यात आधी. अशा खड्ड्यांवर नुसतं नवं गॅस्केट बसवलं तर ते काही महिन्यांत पुन्हा गळणार. इथेच बहुतेक कामं फसतात, आणि मग इंजिनच खराब आहे असं ठरतं.

जुनं गॅस्केट काढताना ग्राइंडरला तार किंवा पेपर लावून फिरवणारे पुष्कळ आहेत. त्यांना थांबवा. ॲल्युमिनियम मऊ असतं, दहा सेकंदांत खोलगट होतं, आणि उडालेली भुकटी इनटेक पोर्टमधून थेट सिलिंडरमध्ये जाते. हेडच्या सगळ्या भोकांत आधी स्वच्छ चिंध्या कोंबा, किती कोंबल्या ते मोजून ठेवा. दाढीचं ब्लेड जवळजवळ आडवं धरून, थिनर लावत, थोडं थोडं खरवडा. मग स्ट्रेट एज (अचूक सरळ पट्टी) आडवा, उभा आणि दोन्ही कर्णांवर ठेवून खालच्या फटीत फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घाला. मॅनिफोल्ड बसतो त्या पृष्ठभागाला ०.१० मिलिमीटरपर्यंत फट चालते, हेड आणि ब्लॉकच्या मधल्या पृष्ठभागाला मात्र ०.०५ च. जास्त असेल तर मॅनिफोल्ड कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात मशिनवर फेस करून आणा. खड्डे उथळ असतील तर फेसिंगमध्येच जातात. खोल असतील तर आधी ॲल्युमिनियम वेल्डिंगने भरून मग फेसिंग. धातूची भुकटी असलेलं इपॉक्सीही चालतं, पण खड्डा भोकाच्या कडेला उघडा नसेल आणि आतला गंज पूर्ण खरवडून काढला असेल तरच. हेडच्या बाजूला खड्डे असतील तर तिथे इपॉक्सी हाच मार्ग, कारण वेल्डिंग-फेसिंग करायचं तर हेडच उतरवावं लागेल. मी स्वतः अशी दोन-तीन हेडं इपॉक्सीवर अजून चालताना बघतोय.

नवं गॅस्केट चांगल्या कंपनीचं घ्या आणि जुन्यावर ठेवून सगळी भोकं जुळवून बघा. कार्ब्युरेटरच्या आणि इंजेक्शनच्या जिप्सीचे पार्ट काउंटरवर सहज अदलाबदल होतात. सीलंट लावायचं असेल तर फक्त पाण्याच्या भोकाभोवती आणि फक्त बोटाने पसरलेला पातळ थर. सिलिकॉनचा जाड दोर घातला की आवळताना तो आत पिळला जातो, तुटतो, आणि तुकडा थर्मोस्टॅटच्या तोंडात किंवा नव्या रेडिएटरच्या नळीत जाऊन बसतो. नट मधून बाहेरच्या बाजूला, आधी हलके, मग दुसऱ्या फेरीत टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणारा पाना). १.८ ते २.८ किलोग्रॅम-मीटर हे या नटांचं माप, मी मधोमध ठेवतो. एखादा स्टड काढल्यावर त्याच्या भोकातून पाणी आलं तर त्याच्या आट्यांना थ्रेड सीलर लावल्याशिवाय तो परत घालू नका, नाहीतर आट्यांमधूनच पाणी वर चढतं आणि नटाखालून गळतं. पहिल्यांदा गाडी तापवून पूर्ण गार झाली की नट पुन्हा एकदा तपासा. नवं गॅस्केट दबतं, एखादा नट हमखास अर्धा फेरा घेतो.

मॅनिफोल्ड बाहेर आहेच तर त्याच्याखालची, पंपाकडे पाणी नेणारी लोखंडी नळीही बघून घ्या. ती पंपात जिथे शिरते तिथे ओ-रिंग असतो. तो काही रुपयांचा, पण तिथे पोचायला हे सगळं खोलावं लागतं. नळीला बाहेरून रंग असतो आणि आतून गंज. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने हलकं ठोका, आवाज बोदा आला किंवा पापुद्रे निघाले तर बदला. आणि थर्मोस्टॅट त्याच्या जागी आहे का बघा. आपल्याकडे "इकडं गरम हवा, व्हॉल्व्ह कशाला पायजे" म्हणून तो काढून फेकायची जुनी सवय आहे, आणि मला ती मनापासून खटकते. थर्मोस्टॅट नसला की पाणी सतत रेडिएटरमधून फिरतं, इंजिन लवकर तापत नाही, गार मॅनिफोल्डमध्ये पेट्रोल नीट वाफ होत नाही, न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुतं. आणि तुमच्या बाबतीत आणखी एक: थंड इंजिनाची गळती जास्त वेळ चालू राहते.

टेस्टमध्ये मॅनिफोल्ड निर्दोष निघाला तर? मग उरलेल्या जागा. होस पाइपची टोकं: क्लिप काढून बघा, रबर क्लिपच्या खाली चिरतं, बाहेरून दिसत नाही. स्क्रूच्या क्लिपने थंड इंजिनावरची गळती पुष्कळ वेळा होते, कारण रबर दबून बसतं आणि क्लिप त्याच्यामागे येत नाही. हीटर असेल तर शेजारच्या सीटच्या पायाखालचं मॅट उचलून वास घ्या. वॉटर बॉडीच्या पोटाला एक बारीक भोक असतं, आतली सील गेली की पाणी तिथून येतं. ते भोक सिलिकॉनने बुजवलेलं मी पाहिलंय. असं केलं की पाणी बेअरिंगमध्ये जातं आणि पंप रस्त्यात जाम होतो. जुन्या जीपसारखा बिडाचा ब्लॉक असेल तर डमी (ब्लॉकच्या भोकांना बसवलेली पत्र्याची झाकणं) आतून गंजून सुईच्या टोकाएवढ्या भोकाने गळतात. तुमच्या गाडीत तो माझा शेवटचा संशय.

आणि एक जागा अशी की जिथे गळतीच नसते. रेडिएटरच्या गळ्यापासून कूलंटच्या बाटलीकडे जाणारी ती बारीक नळी. तापलं की पाणी तिच्यातून बाटलीत जातं, गार झालं की परत ओढलं जातं. नळीला चीर असेल तर परत येताना पाण्याऐवजी हवा ओढली जाते. मग बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा. दोन्ही रोज बघा, एकच बघून उपयोग नाही.

रेडिएटरमध्ये हळद टाकायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी दिलाच असेल. घाटात अडकलात, रात्र आहे, रेडिएटरला सुईएवढं भोक पडलंय, तर मूठभर हळदीने गाडी गावापर्यंत येते हे खरं आहे, मी आणलीय. पण तीच हळद नंतर रेडिएटरच्या नळ्यांत आणि हीटरमध्ये चिखल होऊन बसते. बाटलीतल्या तयार लीक-स्टॉपचंही तेच. तुमचा रेडिएटर नवा आहे, त्यात काही टाकू नका.

भरताना सिस्टीम आधी साध्या पाण्याने दोन-तीनदा धुवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मग कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं. सगळं मिळून साधारण पाच लिटर लागतं. हिरवं आणि लाल कूलंट एकत्र करू नका, त्यांची गंज रोखण्याची रसायनं वेगळी असतात. गाडीचं तोंड चढाला करून उभी करा, हीटर चालू ठेवा, झाकण उघडं ठेवून हळू ओता, वरचा होस हाताने दाबत राहा म्हणजे बुडबुडे निघतात. इंजिन चालू करून वरचा होस गरम होईपर्यंत थांबा, तोवर पातळी खाली जाईल, ती भरा, मग झाकण. एकूण लागतं तेवढं पाणी आत मावलं नसेल तर कुठेतरी हवा अडकलीय. ती हवा हेडमध्ये अडकली की घाटात पहिल्याच चढाला काटा वर जातो. आणि तापलेल्या गाडीचं झाकण कुणालाच, कितीही घाई असली तरी, उघडू देऊ नका.

काम झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी स्टार्ट न करता, पुन्हा टेस्टर लावून ०.९ वर वीस मिनिटं ठेवायला सांगा. सुई हलली नाही तरच गाडी घ्या. बाटलीवर मार्करने पातळीची रेघ मारा आणि तारीख लिहा. पहिले दोन-तीन दिवस ती थोडी उतरेल, उरलेली हवा निघत असते. त्यानंतर आंबा घाटाच्या चार फेऱ्या करा, दर वेळी दुसऱ्या दिवशी सकाळी रेघ बघा. ती जागेवर राहिली तर हेडला हात लावायची गरज नव्हती. ती उतरत राहिली आणि निळा द्रव पिवळा झाला, तर मग मिस्त्रींना सांगा, उतरवा हेड. टेस्टच्या वेळी सुई किती मिनिटांत किती उतरली आणि पावडरीत ठिपका कुठे उमटला ते मला कळवा, जमल्यास फोटोसह. त्यावरून पुढचं सांगता येईल.